घेण्यास नकार

"काढणार म्हणजे? माझी खुर्ची काय अक्कलदाढ आहे, त्रास द्यायला लागली म्हणून उपटली?"

नंबरबाईंनी हे विचारलं तेव्हा धाकट्या डॉक्टरांनी आधी मास्क हनुवटीवर ओढला आणि मग पुन्हा नाकावर चढवला. "काढणार असं नाही हो, बाई," ते खिडकीच्या काचेवरच्या डागाकडे बघत म्हणाले. "तिथे एक स्क्रीन बसवायचाय. कंपनीची सिस्टिम आहे. पेशंट घरबसल्या नंबर लावणार. मग इथे कुणी बसायची तशी... म्हणजे..." वाक्य पूर्ण करायची त्यांची हिंमत झाली नाही. ते आत गेले आणि त्यांनी ड्रिल सुरू केलं.

दातांच्या त्या दवाखान्यात बाई एकतीस वर्षं नंबर देत होत्या. थोरल्या डॉक्टरांनी, म्हणजे ह्यांच्या वडिलांनी, त्यांना खुर्चीवर बसवताना एकच सूचना दिली होती: "मला एका वेळी एकच तोंड दिसलं पाहिजे." बाईंनी ती सूचना इतकी मनावर घेतली की सरकत्या काचेच्या त्या खिडकीपुढे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, "फक्त दोन मिनिटं" वाले आणि एकदा तर थोरल्या डॉक्टरांचे सख्खे मेहुणे, अशा सगळ्यांची डाळ शिजायची थांबली. मान वर न करता 'नाही' म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक त्यांना टरकून असत, आणि त्यांच्यावर विश्वासही तितकाच ठेवत. कुणाचे दात स्वतःचे आणि कुणाचे रात्री पेल्यात, हे फक्त बाईंच्या रजिस्टरला ठाऊक होतं आणि ते रजिस्टर ड्रॉवरच्या बाहेर कधी गेलं नव्हतं.

धाकट्या डॉक्टरांची गोष्ट उलटी. दात काढण्यात हात हलका, पण 'नाही' हा शब्द काही केल्या त्यांच्या तोंडातून निघत नसे. कंपनीचा माणूस तीनदा आला, तिन्ही वेळा बाई जेवायला घरी गेलेल्या असताना, आणि तिन्ही वेळा डॉक्टर "बघू" म्हणाले. तीन "बघू" मिळून एक होकार होतो, असं त्या माणसाने धरून चालायला सुरुवात केली.

ड्रिल थांबताच बाई दार ढकलून आत शिरल्या. "ही कंपनी पेशंटची नावं ठेवणार कुठे?"

"त्यांच्या सर्व्हरवर."

"आणि तो असतो कुठे?"

"ते... नक्की नाही सांगता येत. असतो कुठेतरी."

"म्हणजे आपल्या पेशंटची नावं कुठेतरी, कुणाच्या तरी कपाटात! उद्या वकीलसाहेबांच्या कवळीची गोष्ट चारचौघांत झाली म्हणजे?"

"बाई, हळू!" डॉक्टर म्हणाले, कारण खुर्चीत तोंड उघडून पडले होते ते वकीलसाहेबच होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी जीभ चावली. पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"साइटच हवीय ना तुम्हाला? मी करते. आपल्याच कॉम्प्युटरवर, आपल्याच खोलीत. नावं इथून हलणार नाहीत आणि मीही हलणार नाही."

डॉक्टरांनी आरशासारखी चकचकीत सुई उगाच दोनदा पुसली. "बाई, ते शनिवारी बारा वाजता सही घ्यायला येणारेत. त्याच्या आत बाहेरून एकाने जरी तुमच्या साइटवर नंबर लावून दाखवला, तर..."

"तर?"

"तर बघू."

"बघू नाही. तर सही नाही. म्हणा."

डॉक्टरांनी मदतीसाठी वकीलसाहेबांकडे पाहिलं. तोंडात नळी असलेल्या वकीलसाहेबांनी, म्हणा, अशा अर्थी भुवया उडवल्या. "तर सही नाही," डॉक्टर म्हणाले. वार सोमवार होता, आणि साक्षीला वकील होते.

बाई कॉम्प्युटरला बिचकणाऱ्यांतल्या नव्हत्या. एक्स-रे, फायली, सगळं त्याच बघायच्या. त्यांनी फोनवर एक व्हिडिओ शोधला: 'घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःची वेबसाइट, वीस मिनिटांत'. त्या वीस मिनिटांना दुपारचे चार तास लागले, कारण बाई दर वाक्याला व्हिडिओ थांबवून ते वहीत उतरवून घेत, आणि मधल्या वेळात पेशंटही येत होते. एका हाताने टाइप, दुसऱ्या हाताने काच सरकवणं, तोंडाने "नंबर नऊ, या". चारच्या सुमाराला पडद्यावर मधेच एक चौकट उघडून काहीबाही विचारायला लागली, त्याच वेळी काचेवर एक औषधवाला टकटक करत होता. बाईंनी दोघांनाही एकाच दमात वाटेला लावलं. साडेपाचला पान उघडलं. वर दवाखान्याचं नाव, खाली नंबर लावायचा तक्ता. बाईंनी ते तीनदा बंद करून तीनदा उघडलं, आणि कुणी बघत नाहीसं पाहून स्वतःशीच हसल्या.

मंगळवारी परीक्षा घ्यायला यजमान आले. ते निवृत्त पोस्टमन. त्यांना सगळे टपालकाका म्हणत. छत्तीस वर्षं पायी टपाल वाटल्यामुळे त्यांचा आवाज शांत आणि पोटऱ्या टणक होत्या. बाईंनी साइटचा आकडी पत्ता चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात ठेवला.

"अहो, बाहेर जाऊन उघडा."

काका फाटकापाशी गेले. "उघडली!" पानवाल्यापाशी गेले. "उघडली!" लाँड्रीच्या पायरीवर चढले. "उघडली गं!" पुढे बेकरीपाशी जाऊन बराच वेळ फोनकडे बघत उभे राहिले, परत लाँड्रीपर्यंत आले, परत बेकरीकडे गेले. शेवटी दवाखान्यात येऊन त्यांनी अहवाल दिला. "लाँड्रीपर्यंत पोचतेय. बेकरीला पोचत नाही."

"असं कसं? चाळीस पावलांवर दमली?"

"नवीन आहे. नव्या पोस्टमनसारखं हळूहळू बीट वाढेल तिचं."

बाईंना हे पटलं, हीच तर गंमत. त्यांनी कॉम्प्युटर उचलून खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला, म्हणजे निदान बेकरी टप्प्यात येईल. बेकरी आली नाही, मात्र लाँड्रीच्या मागची पिठाची गिरणी आली. गिरणीवाल्याला दाढदुखी नव्हती, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

बुधवारी सकाळी बाईंनी इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथली मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचे मिस्टर लाँड्रीपर्यंत तुमच्याच वायफायवर असतात. तो आकडा फक्त घरातल्या घरात चालतो. बाहेरच्यांसाठी वेगळा आकडा असतो, आणि त्याला नाव जोडावं लागतं."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"मॅडम, तुम्ही आत्ताच फोन केलाय."

"उलट बोलू नका. पुढे सांगा."

पुढचं तिने सांगितलं आणि बाईंनी वहीची अडीच पानं भरली. साइटला नाव मिळालं. काकांना थेट बस स्टॉपवर पाठवलं, वायफाय बंद करून. तिथून फोन आला: "म्हणतंय, असा पत्ता सापडला नाही." दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा तेच. त्याच संध्याकाळी डॉक्टर जाता जाता खिडकीशी थांबले. "बाई, फार ओढाताण करून घेऊ नका. कंपनीचा माणूस म्हणत होता, हे घरी करण्यासारखं काम नाही."

एवढं ऐकल्यावर बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्यांनी फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला, त्यावर जाड मार्करने 'उद्यापासून नंबर फक्त साइटवर. फोनवर मिळणार नाही. सबब चालणार नाही' असं लिहिलं, खाली साइटचं नाव घातलं आणि कागद बाहेरच्या दारावर चिकटवला. साइट अजून लोकांपर्यंत पोचत नव्हती, ही बाब त्यांनी साइटवर सोडली. एकदा लोकांनीच धक्के मारायला घेतलं की दार किती वेळ अडून बसेल, असा त्यांचा विचार होता.

लोकांनी धक्के मारले. गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाहेरची तिन्ही बाकं भरली, दहाला व्हरांडा भरला. त्यातल्या निम्म्यांच्या दातांना काहीही झालेलं नव्हतं. ते साइट उघडत नाही हे सांगायला आले होते. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येकजण तो काचेला लावून बाईंना दाखवत होता.

"हे बघा, नुसतं गोल गोल फिरतंय!"

"माझं पण फिरतंय."

"माझं काल पत्ता नाही म्हणत होतं, आज फिरतंय."

"मग सुधारणा आहे," बाई म्हणाल्या. "तक्रार कसली करता?"

एका गृहस्थांच्या गालात कापसाचा बोळा होता. त्यांनी "ऊं ऊं" करत फोन पुढे केला. बाईंनी विचारलं, "उघडली का?" त्यांनी मान आडवी हलवली. "ठणका आहे का?" मान उभी. "मग तिकडे लक्ष द्या आधी," असं म्हणून बाईंनी काच सरकवली.

या गर्दीत एक भानगड झाली. शाळेतले चित्रकलेचे सर फक्त एवढंच सांगायला आले होते की दारावरच्या कागदावरची अक्षरं फार वेडीवाकडी आहेत. पण दाराशी रेटारेटी झाली, सर आत ढकलले गेले, आणि धाकट्या डॉक्टरांनी सवयीने "या, बसा" म्हटलं. डॉक्टरांना नाही म्हणता येत नसे आणि सरांना तोंडात आरसा घातल्यावर काहीच म्हणता येईना. पंचवीस मिनिटांनी सर बाहेर आले ते रुमालात एक दाढ घेऊन. "हलत होती तशी," ते बाईंना म्हणाले, आणि अक्षरांचं सांगायचं विसरून निघून गेले.

जेवायच्या सुट्टीत डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. मनगट दाबत म्हणाले, "बाई, हे सगळे कोण आहेत? मी सकाळपासून सतरा तोंडं बघितली!"

"तुम्हाला लोक घरबसल्या यायला हवे होते ना? हे त्यातलेच. फक्त अजून घरी बसत नाहीयेत."

टपालकाका डबा घेऊन आले होते. ते बाकावर पाय सैल सोडून सगळं ऐकत होते. बायको तापली की ते बोलत नसत, पण आज त्यांना विषय आपल्या खात्यातला वाटला.

"अगं, काल काय म्हणत होतं? पत्ता सापडला नाही. आज काय म्हणतंय?"

"फिरतंय नुसतं. शेवटी म्हणतं, उत्तर यायला फार वेळ लागतोय."

"म्हणजे पत्ता सापडला. टपाल दारापर्यंत आलं. दार बंद आहे, वाजवलं तरी आतून कुणी येत नाही. आम्ही तेव्हा 'दार बंद' लिहून पत्र परत आणायचो." काकांनी पाण्याचा घोट घेतला. "पत्त्याची चूक नाहीये आता. दार बघा."

दार म्हणजे भिंतीवरचा, हिरवे दिवे लुकलुकणारा राउटर, एवढं बाईंना वहीतून कळलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी केबलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, संध्याकाळी येतो. बाई म्हणाल्या, तुमच्या आईचा दात सोमवारी बसवायचाय, तोही मग संध्याकाळीच बघू. तो वीस मिनिटांत हजर झाला.

"बाहेरून आलेलं सगळं हा डबा बाहेरच अडवतो, बाई. मी यात तुमच्या कॉम्प्युटरकडे जायला एक वाट काढून देतो." त्याने लॅपटॉप मांडीवर घेऊन काहीतरी खटखट केली. "झालं. आता जे येईल ते सरळ तुमच्यापर्यंत."

"सरळ? न विचारता?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात नकळत जुनी धार आली होती.

"तसंच असतं ते."

बस स्टॉपवरून काकांचा फोन आला तो बाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. काका एकेक शब्द सुटा वाचत म्हणाले, "या सर्व्हरने... कनेक्शन... नाकारलं."

"काय केलं?"

"नाकारलं."

बाई उभ्या राहिल्या. पत्ता सापडत नाही, वेळ लागतो, हे समजण्यासारखं होतं. पण नाकारलं? या दवाखान्यात नाकारायचं काम एकतीस वर्षं त्यांचं होतं. त्यांच्या जागेवर, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये, त्यांना न विचारता कुणीतरी दुसराच 'नाही' म्हणत होता! त्यांना राग आला आणि, खरं सांगायचं तर, रडूही आलं. ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसून टाकलं.

मग चौकशी सुरू झाली. केबलवाल्याला परत बोलावलं. त्याने आईची शपथ घेतली. मदतकेंद्राला फोन केला. गोड मुलीने "आमच्याकडून काही अडवलेलं नाही, मॅडम" असं गोडपणे सांगून कानांवर हात ठेवले. शेवटी बाई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. "डॉक्टर, खरं सांगा. आतून तुम्ही तर कुणाला नको म्हणत नाही ना?"

"मी?" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या खुर्चीत त्या वेळी गिरणीवाला बसला होता. त्याला दाढदुखी नव्हती, तो नुसता गर्दी कसली म्हणून बघायला आला होता. बाई बाहेर आल्या. संशयितांच्या यादीतून एक नाव आपोआप कमी झालं.

शनिवारी साडेअकराला कंपनीचा माणूस आला. टाय, चकचकीत फाइल, त्याहून चकचकीत पेन. त्याने खिडकीत वाकून गोड हसत विचारलं, "सर आहेत ना?"

"आहेत. कामात आहेत."

"हरकत नाही, मी बसतो. आणि हो मॅडम, तुमचं ते सामान... घाई नाही, पण सोमवारी आमची माणसं स्क्रीन लावायला येतील."

सामान म्हणजे बाईंचा पाण्याचा तांब्या, पाठीची उशी आणि थोरल्या डॉक्टरांनी दिलेलं घड्याळ. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाकाच्या अगदी पलीकडच्या टोकाला जाऊन बसला. अलीकडच्या टोकाला वकीलसाहेब होते. त्यांची कवळी बसवायची होती.

अकरा चाळीसला बस स्टॉपवरून फोन. "अगं, अजून नाकारतंय."

"किती वेळा बघितलंत?"

"आज तेवीस वेळा. मी काय म्हणतो, ऐक जरा. तू उगाच बाहेर शोधतेयस. दार बंद असेल तर पत्रावर तसं लिहितो. माणूस राहत नसेल तर तसं लिहितो. पण 'घेण्यास नकार' असं केव्हा लिहितो? आत माणूस असतो, तो दारात येतो, पत्र बघतो आणि 'नको' म्हणतो तेव्हाच. छत्तीस वर्षांत रिकाम्या घराने कधी नकार दिलेला नाही. तुझ्या कॉम्प्युटरच्या आत कुणीतरी आहे, आणि ते नको म्हणतंय."

बाईंनी फोन मान आणि खांद्यात धरला आणि कॉम्प्युटरवर दिसेल ते उघडायला सुरुवात केली. कोपऱ्यात ढालीचं एक बारकं चित्र होतं. ते आजवर त्यांना शोभेचं वाटत होतं. त्यावर टिचकी मारली तर आत एक कार्यालयच निघालं. संरक्षण, नियम, नोंदी. नोंदींत एक यादी होती: 'नाकारलेल्या भेटी. एकूण २१४'. गुरुवारपर्यंत सगळं रिकामं, आणि शुक्रवारी सकाळी केबलवाल्याने वाट काढून दिल्यापासून तारीख, वेळ, नकार, तारीख, वेळ, नकार. इतकं नेटकं काम बघून क्षणभर त्यांना त्या नाकारणाऱ्याबद्दल आदरच वाटला. कोण असेल हा? यादीच्या खाली बारीक अक्षरात उत्तर होतं: 'अनोळखी व्यक्तींना बाहेरून प्रवेश द्यायचा का? उत्तर: नाही. पुन्हा विचारू नका. हा नियम करणारे: या कॉम्प्युटरवर बसणारी व्यक्ती. सोमवार, चार वाजून दहा मिनिटं.'

सोमवारी, चारच्या सुमाराला, मान वर न करता.

"अहो," बाई फोनमध्ये हळूच म्हणाल्या, "सापडलं."

"कोण आहे?"

"आहे एक. आपल्यातलंच."

"फार खडूस आहे का?"

"शिस्तीचं आहे," बाई म्हणाल्या. "अनोळखी माणसांना आत घेऊ का, असं कुणी विचारलं तर शहाणं माणूस दुसरं काय सांगणार?"

काकांनी पलीकडे घड्याळ बघितलं. त्यांचा संसार तेहतीस वर्षांचा होता, त्यामुळे त्यांना माणूस ओळखायला वेळ लागला नाही. "बरं," ते म्हणाले, "मग त्या शिस्तीच्या माणसाला म्हणावं, अकरा बावन्न झालेत."

नियम बदलायला तीन पर्याय होते. पहिला: सर्वांना प्रवेश द्या. बाईंनी बोट त्यावर नेलं. सर्वांना? ओळख नाही, पाळख नाही, दात दुखतो की नाही ठाऊक नाही, आणि सरळ आत? खुर्ची जात होती, घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, बोट मात्र खाली येईना. एकतीस वर्षांचा हात तो, एका मिनिटात कसा फिरणार! "नाही जमायचं," बाई मोठ्याने म्हणाल्या. बाकावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. कंपनीच्या माणसाने पेनाचं टोपण काढलं.

दुसरा पर्याय होता तोच जुना नकार. तिसरा होता: 'प्रत्येक वेळी मला विचारा'.

"हां," बाई म्हणाल्या. "हे माणसासारखं बोलला." आणि त्यांनी तो दाबला.

पुढच्याच क्षणी पडद्यावर चौकट आली. 'एक अनोळखी व्यक्ती बाहेर उभी आहे. प्रवेश द्यायचा का?'

"अहो, तुम्हीच का?"

"मीच."

"कशावरून?"

"अगं, अकरा पंचावन्न झाले!"

बाईंनी 'होय' दाबलं. "उघडली!" काका ओरडले तेव्हा बस स्टॉपवरची चार माणसं दचकली असावीत. "नाव लिहिलं. फोन लिहिला. आता म्हणतंय, तक्रार लिहा. मला काही तक्रार नाहीये."

"ती लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मीच तसं केलंय. उगाच येणाऱ्यांसाठी."

"पण माझे दात चांगले आहेत. खोटं कसं लिहू?"

"तेहतीस वर्षांत तुमची एकही तक्रार नाही? लिहा काहीही! दोन मिनिटं राहिलीत!"

मग कॉम्प्युटरमधून टिंग असा आवाज आला आणि तक्त्यात पहिली ओळ उमटली. वेळ, अकरा अठ्ठावन्न. नंबर एक. तक्रार: 'पत्नी दातओठ खाते.'

बाईंनी काच इतक्या जोरात उघडली की ती पलीकडच्या चौकटीवर आपटली. "डॉक्टर! बाहेर या!"

डॉक्टर आले. त्यांनी ओळ वाचली, खालून वाचली, वरून वाचली. कंपनीचा माणूसही धावत येऊन खिडकीतून उलटी ओळ वाचू लागला. "सर, हा तर यांचा नवरा आहे!"

"बाहेरून एकाने, असं ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "नवरा बाहेर आहे आणि एकच आहे."

वकीलसाहेबांनी बसल्या जागेवरून अनुमोदन दिलं. कवळी अजून बसली नसल्यामुळे शब्द लागले नाहीत, पण बाजू कळली.

कंपनीच्या माणसाने धीर सोडला नाही. "पण सर, ही काय सिस्टिम झाली? प्रत्येकाला या मॅडम हो म्हणणार तेव्हा साइट उघडणार! मॅडम जागेवर नसल्या तर?"

"तर नाही उघडणार," बाई म्हणाल्या. "म्हणून मी जागेवर असते."

"आणि एका दिवसात यांनी दोनशे चौदा लोकांना परत पाठवलंय, सर! इथे लिहिलंय, बघा! आमच्या सिस्टिममध्ये कुणालाही अडवलं जात नाही. एका दिवसात दोनशे चौदा नंबर आपोआप लागले असते. सगळेच्या सगळे आत!"

डॉक्टरांनी आपलं उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. त्यांच्या डोळ्यांपुढे गुरुवार उभा राहिला असावा, कारण त्यांचा चेहरा ॲप्रनच्या रंगाचा झाला. त्या दोनशे चौदांतले शंभरेक तरी एकट्या टपालकाकांचे होते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण पेशंटची माहिती त्या कधीच कुणाला देत नसत.

"दोनशे चौदा," डॉक्टर पुटपुटले. मग ते खिडकीच्या आत वाकले आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्हीच जरा यांना... सांगता का?"

"काय सांगू?"

"तुम्ही सांगता तेच."

आणि ते लगबगीने आत गेले. ड्रिल सुरू झालं. आत पेशंट कोणीच नव्हता, तरीही सुरू झालं.

बाईंनी पाठीची उशी सरळ केली. तांब्यातून दोन घोट पाणी प्यायल्या. मग कंपनीच्या माणसाकडे पाहिलं.

"डॉक्टर आता भेटणार नाहीत."

"अहो, पण मी साडेअकरापासून इथे बसलोय!"

"बसलात हो, मी कुठे नाही म्हणतेय? पण नंबर लावला नव्हतात." बाईंनी काचेला हात घातला. "साइट आहे आता आमची. घरी गेलात की निवांत लावा. आत घ्यायचं की नाही, ते मी बघते."